स्वतःच्या आवाजात

जबलपूरच्या राइट टाउनातल्या आमच्या शाळेत मराठी म्हणजे शेवटचा तास आणि कोपऱ्यातली खोली. मुलं बहुतेक फॅक्टरीतल्या नाहीतर रेल्वेतल्या मराठी घरांतली. समजायचं सगळं, पण बोलायची वेळ आली की मूग गिळून बसायची. तास आठवड्यातून दोनच, म्हणून मी कॉम्प्युटरच्या सरांच्या हात धुऊन मागे लागले आणि वर्गाची वेबसाइट करून घेतली. मी धडा तिथे टाकायची. मुलांनी घरून बटण दाबून तो वाचायचा, की आवाज थेट त्यांच्या पानावर जमा. मोठ्या बाईंनी कौतुक केलं तेव्हा दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते, खोटं कशाला सांगू.

सातवीतल्या एका मुलीच्या पानावर फार सुंदर वाचन यायला लागलं. बोलण्याला अस्सल नागपुरी वळण. चार-पाच वाचनं झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा आवाज पोरीचा नाही, तिच्या आईचा आहे. विचारलं तर म्हणाली, मम्मीला वाटतं माझी मराठी ऐकून तुम्ही हसाल. इथल्या आम्हा मराठी लोकांचं हे असंच. घरातली मराठी बायांनी सांभाळायची, आणि पोरांनी त्यांना हिंदीत उत्तर द्यायचं. माझा पाराच चढला. आईला बोलावून घेतलं. ती बिचारी पदर सावरत म्हणाली, “शिकून राहिली जी ते, थोडा टाइम द्या.” मी दिला नाही. तिच्या आवाजातली सगळी वाचनं तिच्यासमोर पानावरून काढून टाकली आणि यापुढे मुलीनंच वाचायचं, असं बजावलं.

पोर स्वतः वाचायला लागली. अडखळत का होईना, वाचायची. बघा, कसं वळण लावलं, असं मी स्टाफरूममध्ये सांगत फिरले.

दिवाळीनंतर तिची आई गेली. ताप आला आणि चार दिवसांत सगळं संपलं. मी त्यांच्या घरी जाऊन आले. तिथे काय बोलले ते मला आठवत नाही.

तेरावं झाल्यावर मुलगी शाळेत आली ती थेट माझ्याकडे. आईचे फोटो होते, पण आवाज कुठेच नव्हता; ती लाजरी, कॅमेऱ्यासमोर कधी बोललीच नव्हती.

“मॅडम, मम्मीनं वाचलेलं तुमच्याकडे आहे ना? मले द्या.”

पानावरून काढलं म्हणजे मॅडमकडे जमा झालं, जप्त केलेली वही कपाटात जाते तसं, हा तिचा समज. काढलेलं परत येत नाही, हे मी तिला सांगितलं. सरांनाही विचारून झालं. ती “अच्छा” म्हणाली आणि उभीच राहिली. मला रडू यायला पाहिजे होतं, ते आलं नाही. काहीतरी करायचं म्हणून तिचं स्वतःचं एक वाचन लावलं. एका शब्दाशी ती अडली होती. मागून अगदी हळू आवाजात कोणीतरी तो शब्द सांगितला आणि म्हणालं, “बोल न बेटा, मी आहे न इथं.”

तिनं परत लावायला सांगितलं. मी लावलं. आणखी एकदा म्हणाली, आणखी एकदा लावलं. मग तिचं लक्ष त्या वाचनाखाली गेलं. तिथे माझा शेरा होता, गुण कापल्याचा. तो तिनं मोठ्यानं वाचला, कुठेही न अडता.

“मागून कोणी सांगू नये.”