दोघांनाही मागून जायचे होते

आमच्याकडे मुलीच्या बापाला एक सवय फार लवकर लागते. समोरून व्याही आला की आपण बाजूला व्हायचे. दारात, पंगतीत, चहाच्या ट्रेपुढे, सगळीकडे. या सवयीचा मला कधी त्रास झाला नव्हता. उलट तिला मी माझा स्वभाव समजत आलो, आणि खरे सांगायचे तर थोडा सद्गुणही. त्रास सुरू झाला तो पाण्यावर.

जावयाने कॉलेजात असताना समुद्रावर शिडाच्या होड्या चालवल्या होत्या. लग्नानंतर त्याने फायबरच्या दोन जुन्या होड्या कुठूनशा मिळवल्या, रीतसर परवानगी काढली आणि मूर्तिजापूरच्या अलीकडच्या एका तलावावर आणून ठेवल्या. रविवारी मी अमरावतीहून येतो, व्याही अकोल्याहून. दोघेही पन्नाशी ओलांडलेले. विहिरीत पोहण्यापलीकडे दोघांचीही पाण्याशी ओळख नव्हती. वर्षभरात शीड ओढणे आणि सुकाणू धरणे आम्हाला जमू लागले. नियम मात्र माझ्या मुलीने शिकवले, कारण जावई आम्हाला शिकवताना हसतो.

मुख्य नियम सोपा आहे. दोन होड्या एकमेकींची वाट छेदत असतील, तर जिच्या उजव्या अंगाने वारा येतो तिचा हक्क पहिला. डाव्या अंगाने वारा घेणारीने तिच्या मागून जायचे. पण या नियमाला एक शेपूट आहे आणि तेच मला पचत नव्हते. जिचा हक्क आहे, तिने आपली दिशा बदलायची नाही.

"सौजन्य म्हणूनसुद्धा नाही?" मी विचारले.

"अजिबात नाही, बाबा. सरळ जायचं."

मी मान डोलावली. मान डोलावणे मला फार चांगले जमते.

त्याच सुमारास आणखी एक काम माझ्याकडे आले होते. मुलीला अमरावतीच्या एका कॉलेजात नोकरी लागली होती आणि ती अकोल्याहून रोज रेल्वेने जाऊन-येऊन करत होती. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत तिच्यात बोलण्याचेही त्राण उरत नसे. सोमवार ते शुक्रवार आमच्याकडे राहावे, असे तिने आणि जावयाने ठरवले. पण सून माहेरी राहणार असेल, तर ती गोष्ट माहेरच्या माणसाच्या तोंडून निघावी लागते. नाहीतर ती रुसून निघाल्यासारखी दिसते. तेव्हा व्याह्यांना मी सांगायचे होते. एक वाक्य, बस.

ते वाक्य घेऊन मी कितीतरी रविवारी तलावावर गेलो आणि तसेच परत घेऊन आलो. व्याही स्वतःच विषय काढत. "पोरीच्या जाण्या-येण्याचं काय म्हणता, इवाई?" व्याह्याला आमच्या वऱ्हाडात इवाई म्हणतात. वाट अशी मोकळी समोर असायची, आणि मी म्हणायचो, "तुमी म्हणाल तसं."   सोमवारी मुलगी पुन्हा गाडीत उभी असे.

एका रविवारी वारा चांगला होता. मी सुकाणूवर, मुलगी पुढच्या शिडाशी. व्याही दुसऱ्या होडीत एकटेच, डोक्याला रुमाल बांधून. आम्ही पूर्वेकडून निघालो होतो, ते पश्चिमेकडून, आणि मध्यावर आमच्या वाटा एकमेकींना छेदणार हे दुरूनच दिसत होते. वारा माझ्या उजव्या अंगाने होता. हक्क माझा होता.

"सरळ," मुलगी म्हणाली.

मला व्याह्यांचा चेहरा दिसला. त्यांच्या नाकासमोरून आपण ऐटीत निघून जावे, ही कल्पनाच मला सहन होईना. मी सुकाणू ओढले आणि त्यांच्या मागून जायला वळलो. नेमक्या त्याच क्षणी त्यांनी नियम पाळला आणि ते माझ्या मागून जायला वळले. दोघांनाही मागून जायचे होते, त्यामुळे आम्ही नाकाला नाक लावून एकमेकांवर चालून गेलो. घाबरून मी आणखी वळलो. तेही आणखी वळले.

"इवाई, तुमी व्हा समोर!" ते ओरडले.

"नाही नाही, आधी तुमी!"

"अवो बापा, कुठी जाऊन राह्यले तुमी?"

होड्या धडकल्या. धक्का मोठा नव्हता, पण मुलीने तो हाताने अडवायचा प्रयत्न केला आणि तिचे बोट दोन्ही होड्यांच्या मध्ये सापडले. नम्र मी झालो होतो आणि चेंगरले होते तिचे बोट.

काठावर थांबलेल्या जावयाने पाण्याने तिचा हात धुऊन दिला. नख काळेनिळे पडत चालले होते. मुलीने माझ्याकडे पाहिले, आणि मी म्हणालो, "चुकलं माझं." हे वाक्य मी इतक्या तत्परतेने म्हणतो की त्याचा आता मलाच संताप येतो. माफी मागितली की पुन्हा तेच करायला मी मोकळा.

संतापले होते ते व्याही. "इवाई, राग नका मानू, पण तुमी लय तरास देता," ते म्हणाले. "मले नियम ठाऊक हाय. मी तुमच्या मागून जायाले वयणारच होतो. पण तुमी सरळ जासान तर मी वयीन ना! तुमाले कुठी जायाचं हाय तेच मले समजत नाही. पाण्यात बी नाही अन् घरी बी नाही. काहून असं करता?"

मी व्याह्यांना मान देतो, असे मी इतकी वर्षे समजत होतो. समोरच्याला मी नुसता अंदाज करत ठेवतो, हे त्या माणसाने मला पहिल्यांदा सांगितले. 

"पुन्हा," मुलगी म्हणाली आणि रुमाल गुंडाळलेला हात घेऊन होडीत जाऊन बसली.

पुन्हा तसेच निघालो, ते पूर्वेकडून, मी... नव्हे, मीच पूर्वेकडून. अजूनही आठवताना माझी दिशा चुकते. वारा उजवीकडे. व्याह्यांची होडी मोठी होत गेली. सुकाणूवरचे मनगट आपोआप वळू पाहत होते. मी दुसऱ्या हाताने ते धरून ठेवले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही, समोरच्या काठावरच्या बाभळीकडे पाहत राहिलो. त्यांनी जरासे सुकाणू हलवले आणि ते आमच्या मागून सहज निघून गेले. जाताना म्हणाले, "हाव, आता कसं!" एवढेच. एवढ्यासाठी एक बोट चेंगरले होते.

काठावर जावयाने चहा ओतला. व्याह्यांनी पहिला कप माझ्याकडे सरकवला. मी तो परत सरकवणार होतो, पण घेतला.

"इवाई," मी म्हणालो, "पोरगी सोमवार ते शुक्रवार आमच्याकडं राहील. रोजच्या जाण्या-येण्यानं ती थकून जाते."

पुढे "तुमची हरकत नसेल तर" हे शब्द ओठांपर्यंत आले. मुलीने रुमालातले बोट चहाच्या कपावर ठेवले होते. मी घोट घेतला आणि ते शब्द गिळले.

व्याह्यांनी तलावाकडे पाहिले. त्यांना ते आवडले नाही, हे दिसत होते. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायला.

"पोरगी शुक्रवारी सांजच्या गाडीनं घरी येईल ना पण?" त्यांनी विचारले. "शनिवारी सकाळी नाही. शुक्रवारीच."

मी मुलीकडे पाहिले. तिने होकाराची मान हलवली.

"येईल," मी म्हणालो.

"मंग हे दोन महिने आधी काहून नाही सांगतलं?" ते म्हणाले आणि शीड गुंडाळायला उठले.