सात कॅसेट, आवाज धर्मपाल

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. चतुराबाईला कुणी हे ऐकवलं की ती म्हणायची, मी कुठं शहाणी आहे. धामणगाव रेल्वे या गावच्या जिनिंगात तिनं एकतीस वर्षं कापसातला कचरा वेचला, मुकादमाशी रोज दोन हात केले, पण पोलीस ठाण्याचं तोंड पाहिलं नाही. तीच बाई वयाच्या बहात्तराव्या वर्षी अमरावतीच्या ग्राहक आयोगात तक्रारदार म्हणून उभी राहिली. सगळी वस्ती तोंडात बोटं घालून बघत राहिली.

कारण होतं सात कॅसेटचं. त्या कॅसेटमध्ये तिच्या नवऱ्याचा आवाज होता, आणि त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

धर्मपाल दिवसा धान्याच्या बाजारात हमाली करायचा आणि एप्रिल लागला की गावोगाव भीमगीतं गायचा. गाणी स्वतःच रचायचा. पार्टी पाच जणांची: तो गायक, नत्थुजी ढोलकीवर, एक जण पेटीवर, आणि मागे कोरसला चतुराबाई आणि माणिकबाई. पार्टीची शिस्त कडक. गायकाची ओळ कोरसनं घ्यायची नाही, काही झालं तरी नाही. एकदा एका जयंतीत ऐन कडव्यात धर्मपालला ठसका लागला. नत्थुजीनं ठेका चालू ठेवला, कोरस गप्प बसला, हजार माणसं गप्प बसली. धर्मपालनं पाण्याचा घोट घेतला, घसा खाकरला आणि आपली ओळ आपणच घेतली. ती किती वेळची शांतता होती हे चतुराबाईला आजही आठवतं. तेव्हा तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि आता तीच शांतता तिला हवीशी वाटायची, कारण तेव्हा शांततेनंतर तो होता.

कॅसेटची एक गोम होती. कोऱ्या कॅसेट महाग म्हणून पार्टी बाजारातल्या जुन्या सिनेमाच्या कॅसेट घ्यायची, पुन्हा भरता यावी म्हणून मागच्या भोकात कागदाचा बोळा कोंबायची आणि सिनेमातली गाणी पुसून त्यावर धर्मपालला भरायची. त्यामुळे वर फोटो हिरोइनीचा आणि आत आवाज हमालाचा. माणिकबाई यावरून चतुराबाईला फार चिडवायची.

घरचा टेपरेकॉर्डर मेला तेव्हा या कॅसेट मोबाइलमध्ये भरून घ्याव्यात असं ठरलं. अमरावतीत ललित नावाचा एक स्टुडिओवाला हे काम करतो असं कळलं. चतुराबाई सातही कॅसेट ओच्यात बांधून गेली. ललितनं आगाऊ पैसे घेतले, आठ दिवसांचा वायदा केला आणि पावतीवर ‘जुन्या कॅसेट, सात नग’ असं लिहिलं. चतुराबाई हलेना. म्हणाली, वर फोटो दुसऱ्याचा आहे, तेव्हा आत कोण आहे तेही लिही. तो हसला, पण त्यानं लिहून दिलं: ‘आवाज धर्मपाल.’

आठ दिवसांचे आठ महिने झाले. ती दर महिन्याला गाडीत बसून जायची आणि आज या, उद्या या ऐकून परत यायची. शेवटी ललितनं खरं सांगितलं. दुकान हलवताना त्यानं एक पोतं भंगारात दिलं होतं. कव्हर पाहून त्याला सिनेमाच्या कॅसेट वाटल्या, आणि ती गाणी तर आता फुकट मिळतात. चतुराबाई तिथंच फरशीवर बसली. ललितनं पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही.

वस्तीतली प्रियदर्शनी अमरावतीला वकिली करते. सगळ्यांसारखी तीही चतुराबाईला चतुरामाय म्हणते. तिनं सगळा कायदा पोळीसारखा तुकडे करून समजावून सांगितला. पैसे घेऊन काम कबूल केलं, म्हणजे करार झाला. काम केलं नाही, वस्तूही हरवली, म्हणजे करार मोडला. करार मोडला की कायद्यात दोन मुख्य वाटा असतात. एक, कबूल केलं तेच करून द्यायला लावायचं. दुसरी, नुकसानीची भरपाई घ्यायची. कॅसेटच उरल्या नाहीत, म्हणून पहिली वाट बंद. उरली भरपाई.

"भरपाईत आमच्या ह्यायचा आवाज भेटंन का?" चतुराबाईनं विचारलं.

प्रियदर्शनीनं कागद खाली ठेवले. "नाई चतुरामाय. कायदा पैशात मोजते. बाकी काई मोजाले त्याच्यापाशी माप नाई."

तरी नोटीस गेली. उत्तर आलं ते मोठ्या तोऱ्यात. पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं की कॅसेट हरवल्यास कोऱ्या कॅसेटची किंमत दिली जाईल. शिवाय बाईंनी दिल्या त्या सिनेमाच्या, बाजारात कुठंही मिळणाऱ्या. प्रियदर्शनी म्हणाली, बारीक अक्षर छापलं म्हणजे सुटला असं होत नाही. गिऱ्हाइकाला न सांगता लादलेली एकतर्फी अट आयोग डोळे झाकून मानत नाही. मग तिनं तक्रार दाखल केली आणि पहिल्याच तारखेला पावतीचा पुढचा भाग पुढे केला. तिथं ललितच्याच अक्षरात धर्मपालचं नाव होतं. आत काय आहे हे ठाऊक नव्हतं असं त्याला आता म्हणता येईना. निकाल कुठं झुकणार ते सगळ्यांनाच कळलं, आणि आयोगानं दोघांना आपसात बसून बघा म्हणून सुचवलं.

मध्यस्थीच्या खोलीत ललितनं कोऱ्या कॅसेटपेक्षा पुष्कळ मोठा आकडा कबूल केला. चतुराबाईनं तो ऐकलाच नाही. ती म्हणाली, पार्टीतली तीन माणसं अजून जिवंत आहेत. यानं आपली मशीन घेऊन धामणगावला यावं आणि जेवढं उरलं तेवढं भरून द्यावं. मध्यस्थ गोंधळले. असला हुकूम कुणी निकालात देत नाही. पण प्रियदर्शनीनं सांगितलं की राजीखुशीनं तडजोड होत असेल, तर दोघं कबूल करतील ते लिहिता येतं. तसं लिहिलं गेलं. ललितनं सही केली, चतुराबाईनं एकेक अक्षर जोडत आपलं नाव काढलं.

ठरलेल्या रविवारी ललित वस्तीतल्या विहारात मायक्रोफोन घेऊन आला. पेटीवाला कधीच गेला होता. नत्थुजीची बोटं वाकडी झाली होती, पण ठेका सरळ होता. माणिकबाईला दात नव्हते. "पाटी दे गं माय, मले पाटी दे," दोघींनी कोरस धरला आणि धर्मपालच्या ओळीची जागा आली तशा थांबल्या. नत्थुजीनं मान हलवून चतुराबाईला खूण केली, तू घे. तिनं डोकं हलवून नाही म्हटलं. ठेका चालत राहिला, ओळीएवढा वेळ गेला, आणि मग पुन्हा कोरस आला. अशी अकरा गाणी झाली. सगळ्यांचे डोळे भरले होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

चार दिवसांनी मोबाइलवर गाणी आली. चतुराबाईनं पहिलं लावलं आणि ती उठूनच बसली. कोरसला कोरस चिकटला होता. मधे काहीच नव्हतं. ललितनं मनापासून काम केलं होतं. रिकाम्या जागा कापून गाणी सुटसुटीत केली होती.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत हजर झाली.

"तू त्यायले दुसऱ्यांदा फेकलं, बाबू," ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण ललित उभा राहिला.

"मावशी, तिथं काईच नव्हतं. निरी ढोलकी होती."

"तडजोडीत काय लिवलं? जेवढं उरलं तेवढं. तेवढंच उरलं हाय मले. ते परत टाक."

मूळ रेकॉर्डिंग ललितनं पुसलं नव्हतं. तो पडद्यासमोर बसला आणि एकेक जागा शोधून परत जोडू लागला. दुपार गेली. चतुराबाई शेजारच्या स्टुलावर बसून राहिली, आणि या वेळी त्यानं दिलेलं पाणी प्यायली. शेवटी त्यानं हेडफोन तिच्या कानांवर नीट बसवले आणि गाणं सुरू केलं.

कोरस झाला. ढोलकी एकटी उरली. चतुराबाईनं डोळे मिटले आणि मान हळूच डोलवली. ललितला वाटलं, आवाज कमी पडतोय की काय. त्यानं वाकून विचारलं, मावशी, बरोबर येऊन राहिलं का?

तिनं डोळे न उघडता बोट ओठांवर ठेवलं.

"थांब बाबू. ते आपली ओळ म्हणून राहिले."