बाबांनी बसवलेलं कार्ड

मी रागीट माणूस आहे, आमच्या मनीषनगरच्या गल्लीत कोणालाही विचारा. दारं आपटणं, मोबाईल भिंतीवर फेकणं, सगळं करून झालंय. पण त्या रविवारी दुपारी मी बापावर हात टाकला, आणि ते सांगायचं तर आधी कॉम्प्युटरचं सांगावं लागतं.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा धंदा. दसऱ्याला नवीन ग्राफिक्स कार्ड आणलं. आमच्याकडे त्या दिवशी पूजा केल्याशिवाय नव्या यंत्राला हात लावत नाहीत. कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून पाटावर आडवं ठेवलं, शेजारी कार्ड, दोघांना हळदकुंकू. बाबा म्हणाले, "झाकण लाव ना आधी." "काही होत नाही बाबा," म्हणत मी कुंकवात घोळलेल्या अक्षता मूठभर उधळल्या. मग बाबांनी कार्ड बसवलं. जन्मभर हपीसात कारकुनी केली, पण घरातली कूलरची मोटर, मिक्सर, सगळं त्यांच्याच हातचं. स्क्रू पिळायचा पेचकस हातात आला की माणूस खूश.

दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर चालू व्हायला सात मिनिटं! आधी अर्ध्या मिनिटात व्हायचा. काळा पडदा, मग कंपनीचं चिन्ह, आणि तिथंच ठिय्या. कार्डाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. आपोआप उघडणारे प्रोग्रॅम बंद केले. शेवटी विंडोजच नव्यानं टाकलं. फरक शून्य. बाबा रोज मागे येऊन उभे राहायचे.

"अरे, विंडोजच्या आधीच अडकून राहिला ना तो? मंग विंडोजच्या मागे काहून लागला? कार्ड काढून पाहू दे मले."

बरोबर बोलत होते, म्हणून तर जास्त संताप यायचा.

त्या रविवारी तो पुन्हा चिन्हावर अडकला आणि माझं डोकं सटकलं. कीबोर्ड टेबलावर असा आपटला की बटणं खोलीभर उडाली. कॅबिनेटला दोन लाथा घातल्या. बाबा पेचकस घेऊन धावत आले. "लाथा मारल्यानं होते का गा? सरक बाजूले."

"तुम्हीच वाट लावली!" मी ओरडलो. "डोळ्यांनी दिसत नाही, हात कापतात, अन् चालले कार्ड बसवाले!"

ते कॅबिनेटपाशी खाली वाकले. मी त्यांचं मनगट धरून पिरगाळलं. पेचकस सोडेनात. मी एक सणसणीत थोबाडीत मारली आणि ढकललं. ते लोखंडी पलंगाच्या कडेवर हातावरच पडले, कट्कन आवाज झाला. चष्मा माझ्याच पायाखाली फुटला. ते फक्त "आई गं" म्हणाले, तेही हळू.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तर बाबा म्हणाले, "बाथरूममधी पाय घसरला." डॉक्टरांनी त्यांच्या गालावर उमटलेली बोटं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि प्लास्टर घालायला घेतलं. मी तिथंही तोंड उघडलं नाही. भित्रा साला!

घरी येऊन कार्ड काढलं. ते जिथं बसतं त्या खाचेच्या टोकाला तांदळाचा एक लालभडक दाणा दबून बसला होता, त्यामुळे कार्ड केसभर तिरपं राहिलं होतं. माझाच दाणा. ब्रशनं खाच साफ केली, कार्ड दाबलं, बटण दाबलं. वीस सेकंदांत सुरू! वाटलं, तो कॉम्प्युटर उचलून गॅलरीतून खाली फेकावा आणि मागून स्वतःही उडी मारावी.

बाबांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. "अक्षता माझ्या होत्या बाबा. तुमच्या हाताची काहीच चूक नव्हती. मी नालायक आहे."

"सुरू झाला ना?" ते म्हणाले. "मंग झालं. रडू नको."

मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी ते डाव्या हातानं वरणभात खात होते. हनुवटीवर वरण ओघळलं. पुसावं म्हणून मी रुमाल घेऊन हात पुढे केला, तर त्यांनी डोळे गच्च मिटले, मान खांद्यात घातली आणि प्लास्टरचा हात तोंडापुढे आडवा धरला.

क्षणभरानं त्यांच्या लक्षात आलं. हात खाली घेत ते ओशाळून हसले.

"माशी होती गा," म्हणाले.