लिंकरने अडवलेला बिल्ड

उपासना मेश्राम नागपूरच्या इंदोऱ्यात वाढली आणि मास्टर्स करायला अमेरिकेत आली. पुढे ती फ्रीमाँटमधल्या एका छोट्या कंपनीत लागली. कंपनी घरच्या घरी डायलिसिस करायची मशिनं बनवायची. मशीन रक्त बाहेर काढतं, गाळतं आणि परत शरीरात सोडतं. परतीच्या नळीत हवा शिरली तर माणूस दगावू शकतो, म्हणून सॉफ्टवेअर हवा दोन प्रकारे तपासायचं. आधी सेन्सरवरून, आणि सेन्सरनेच दगा दिला तर पंपाच्या दाबावरून.

त्या सप्टेंबरमध्ये उत्तरेला वणवे पेटले होते. दुपारीही सूर्य तांब्यासारखा दिसायचा आणि ऑफिसच्या खिडक्या बंद असायच्या. उपासनाकडे जुना कोड नव्या कंपायलरवर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमवर, आणायचं काम होतं. ते करताना तिने ‘डेमो’ नावाचं एक जुनं फोल्डर काढून टाकलं. सगळ्या फाइली कंपाइल झाल्या, पण शेवटी त्या जोडून पूर्ण प्रोग्रॅम बांधणाऱ्या लिंकरने बिल्ड अडवला. दाबावरून हवा तपासणारं फंक्शन त्याला कुठेच सापडत नव्हतं.

आधी तिला विशेष वाटलं नाही. कंपायलर एकेक फाइल वेगळी बघतो. ‘हे फंक्शन दुसरीकडे आहे’ असं लिहिलेलं असलं की तो विश्वास ठेवतो. लिंकर मात्र सगळे तुकडे जोडायला बसतो, तेव्हा त्याला ते फंक्शन प्रत्यक्ष हातात असावं लागतं. एखादी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, जोडायची राहिली असेल म्हणून तिने लायब्ऱ्या तपासल्या, त्यांचा क्रम बदलून पाहिला. सी आणि सी प्लस प्लस या भाषांमध्ये एकाच फंक्शनचं नाव वेगळं पडतं, तेही पाहिलं. काही उपयोग झाला नाही. मग प्रत्येक कंपाइल झालेल्या फाइलमधली नावं तिने बाहेर काढली. त्या फंक्शनच्या नावापुढे जिथे तिथे ‘यू’ होता, अनडिफाइन्डचा. म्हणजे ते सगळ्यांना हवं होतं आणि कुणाकडेच नव्हतं.

मग जुना बिल्ड इतके दिवस होत कसा होता?

तिने लोकांच्या घरी गेलेल्या मशिनांमधला प्रोग्रॅम उघडला. तिथे ते नाव होतं, पण पुढे ‘डब्ल्यू’ होता. वीक सिम्बल. खरं फंक्शन मिळालं तर ते घे, नाहीतर हे चालवून घे, अशी ती तात्पुरती सोय असते, आणि लिंकर अशा वेळी तक्रार करत नाही. ही सोय तिने काढून टाकलेल्या डेमोच्या फोल्डरमध्येच होती. तिने फाइल परत आणून उघडली. आत एकच ओळ होती. काहीही न तपासता उत्तर द्यायचं: हवा नाही.

खरं फंक्शन लिहिलेलं होतं. पण मध्ये कधीतरी फोल्डरांची फेररचना झाली, तेव्हा त्याची फाइल बिल्डमधून गळली होती. चाचण्या सगळ्या चांगल्या सेन्सरवर होत, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

ती संजीव पंडितांच्या केबिनमध्ये गेली. संजीव मूळचे पुण्याचे. त्यांनीच तिला नोकरीवर घेतलं होतं, आणि त्यांची बायको सुनेत्रा तिला दर दिवाळीला घरी जेवायला बोलवायची.

“वीक सिम्बल परत टाक यार, बिल्ड जाऊ दे,” स्क्रीनवरून नजर न काढता ते म्हणाले. “शुक्रवारी रिलीज आहे.”

“आत काय आहे ते आधी बघा.”

त्यांनी बघितलं.

“हे मी लिहिलंय,” ते म्हणाले. “डेमोसाठी. तेव्हा हार्डवेअर आलेलं नव्हतं.”

“लोकांच्या घरी जी मशिनं चालू आहेत, त्यांच्यात हेच आहे.”

“सेन्सर आहे ना पण.”

“तो बिघडला तर मागे कुणी नाही.”

संजीवांनी उठून दार लावलं. “नव्या व्हर्जनमध्ये खरं फंक्शन टाकू. अपडेट सगळ्यांना जाईलच. जुन्याबद्दल आत्ता काही लिहू नकोस.” मग हलक्या आवाजात म्हणाले, “तुझं ग्रीन कार्ड याच कंपनीतून चाललंय, उपासना.”

ही काळजी होती की धमकी, ते तिला कळलं नाही. बहुधा त्यांनाही कळलं नसावं.

ती खाली कस्टमर सपोर्टला गेली. तिथे नैना बसायची, इथेच जन्मलेली, पेशंटचे फोन घेणारी. हवेबद्दल कुणाची तक्रार आली होती का, असं उपासनाने विचारलं.

“ओहायोची एक लेडी होती,” नैना म्हणाली. “हजबंड डायलिसिसवर. शी सॉ फोम इन द ट्यूब. मशीन थांबलंच नाही म्हणाली, तिनेच ट्यूबला क्लॅम्प लावला. वी टोल्ड हर, सेन्सर क्लीन करा.”

“तिला आत्ता फोन लाव. मशीन वापरू नका म्हणून सांग.”

नैनाने लावला. रिंग वाजत राहिली, मग व्हॉइसमेल आला. तिने निरोप ठेवला.

उपासनाने जागेवर येऊन क्वालिटीच्या प्रमुखांना सगळं लिहून कळवलं. मशिनं लगेच थांबवा, तुम्ही सरकारी नियामक एफडीएला कळवणार नसाल तर मी कळवते, असंही लिहिलं. पाठवताना तिच्या डोळ्यांसमोर आईचा चेहरा येत होता. नागपूरचं घर तिच्याच पगारावर चालत होतं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये कंपनीचे वकील बसले होते. रिलीज थांबलं. पण घराघरांत चालू असलेल्या मशिनांचं काय करायचं, यावर त्यांची चर्चा आठवडा संपला तरी चालूच राहिली. मशिनं थांबवायची सूचना अखेर सोमवारी दुपारी निघाली.

त्याच सोमवारी सकाळी ओहायोचा फोन उचलला गेला. पलीकडे मुलगा होता. वडील शनिवारी गेले, म्हणाला. मशीनवर असतानाच. डॉक्टरांनी कारण हार्ट अटॅक लिहिलंय.

नैनाने वर येऊन हे उपासनाला सांगितलं.

संजीवांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. जाण्याआधी ते फंक्शन आपण लिहिल्याचं त्यांनी वकिलांना स्वतःहून सांगितलं. जिन्यात उपासना समोर आली तेव्हा ते थांबले. “तुझ्यासारखं मीच लिहून कळवायला हवं होतं,” एवढंच म्हणाले. त्या दिवाळीला सुनेत्राचं बोलावणं आलं नाही.

उपासनाची नोकरी राहिली. ग्रीन कार्डचा अर्ज ‘रिव्ह्यूमध्ये’ आहे, असं एचआर सांगतं आणि पुढे बोलत नाही. सहकारी सभ्यपणे वागतात, पण ती आली की त्यांचं बोलणं थांबतं.

ओहायोचं मशीन कंपनीत परत आलं. त्या शनिवारी पंपाचा दाब कसा बदलला, याची नोंद त्याच्या मेमरीत असणार. ती वाचायला उपासनाला अर्धा तास पुरला असता. तिने परवानगी मागितली, तर वकिलांनी नाही म्हणून सांगितलं. मशीन दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत कुलूपबंद आहे. त्या माणसाच्या मुलाने केस केली आहे आणि साक्षीदारांमध्ये उपासनाचं नाव आहे. त्याचा वकील तिला विचारणार, त्या शनिवारी नळीत हवा शिरली होती का. ते सांगणारी नोंद त्या कुलपामागे आहे.