व्हरांड्यातल्या खडूच्या रेघा

इंदापूरच्या तहसील कचेरीसमोर मी गेली वीस वर्षे अर्ज लिहितो. शिक्षण आठवीपर्यंतच झाले. तथापि माझा मसुदा वाचून साहेबलोकांनी खुर्ची पुढे केल्याचे प्रसंग आहेत. आईचे खुब्याचे हाड मोडून तिला बारामतीच्या एका शुश्रूषागृहात ठेवावे लागले, तेव्हा तेथील सेवेवर देखरेख करणे हे मी साहजिकच माझे कर्तव्य मानले. बारा रकान्यांचा तक्ता आखला: जेवण, औषध, अंथरूण, वर्तणूक वगैरे. दर रविवारी एसटीने जायचे, आईला विचारायचे, रकाने भरायचे.

आई वैतागायची. "आरं, बरं हाय समदं. किती इचारशील?"

माझ्या तक्त्यात दर रविवारी तेच ते उतरे. खरे मोजमाप तिथे दुसरेच कोणी करत होते. आईची देखभाल करणारी सेविका, भिगवणकडची, माझ्यापेक्षा दोन इयत्ता कमीच शिकलेली, आईला हाताला धरून व्हरांड्यात चालवी आणि आई जिथे थांबेल तिथे भिंतीवर खडूने रेघ मारी. पहिली रेघ खोलीच्या दाराशीच होती. दोन महिन्यांत रेघा पाचव्या खांबापर्यंत, पार पाण्याच्या टाकीजवळ पोहोचल्या. आलेगेले नातेवाईक त्या रेघा कौतुकाने बघत. माझा तक्ता कोणी मागितला नाही.

एका रविवारी मी म्हणालो, "आई, आज माझ्याबरोबर चाल."

दुसऱ्या खांबाशीच ती थांबली. "तुझा हात लई घट्ट हाय रं. तिला बराबर जमतंय."

"आजी, भाऊंसाठी आनखी एक खांब!" सेविका मागून म्हणाली, आणि आई तिच्याकडे बघून हसली. तसे हसू घरी शेवटचे केव्हा पाहिले, ते मला आठवेना.

परतीच्या गाडीत गुडघ्यावर कागद ठेवून मी शुश्रूषागृहाच्या साहेबांच्या नावे निनावी अर्ज लिहिला. सदर सेविका खडूने इमारतीच्या भिंती विद्रूप करते, सबब तिला अन्यत्र हलवण्यात यावे. मसुदा निर्दोष होता, हे मी आजही म्हणेन.

आठवड्यात भिंतीला रंग लागला आणि सेविकेची वरच्या मजल्यावर बदली झाली. तिच्या जागी आलेल्या बाई शिस्तीच्या होत्या. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, चादर स्वच्छ. माझ्या तक्त्याप्रमाणे सेवेत तिळमात्र बिघाड नव्हता. आईने मात्र चालणे सोडले. असेच राहिले तर ती पुन्हा उभी राहणार नाही, असे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले.

त्या रविवारी आईने तक्ता हातानेच बाजूला सारला. "अर्ज लिही. तिला खाली आना म्हनावं."

"मी साहेबांशी बोलतो."

"बोलू नगं, लिही. पयला बी तूच लिवलास."

मी तक्ता उचलून त्याची घडी घालू लागलो.

"सायबानं समद्यांम्होरं तिला वाचून दाखिवला. सबब काय, सदर काय! माझ्या लेकाबिगर असं बोलनारं हितं कोन हाय?"

दिवसाकाठी वीस अर्ज लिहिणाऱ्या मला त्या एका अर्जासाठी तीन कागद फाडावे लागले. अखेर लिहिले: 'मागील निनावी तक्रार मी केली होती. आई त्या सेविकेच्या हाताने चालते, माझ्या हाताने चालत नाही, हे मला सहन झाले नाही. तिला परत द्यावे.' खाली आईचा अंगठा, त्याखाली माझी सही.

पुढच्या रविवारी सेविका खाली होती. आईला तिने खोलीच्या दारापासून पहिल्या खांबापर्यंत आणले, थांबली आणि खडू माझ्यापुढे धरला. "तुमीच मारा भाऊ. न्हायतर परत अर्ज व्हायचा."

नव्या रंगावर मी रेघ मारली. तिच्या रेघांपेक्षा ती सरळ होती. आईला दाखवायला वळलो, तर आई सेविकेच्या दंडाला धरून खोलीकडे निघाली होती.