हिटरचं गार वारं

माझ्या नवऱ्याला गाडीतलं सगळं कळतं, असं त्याचं मत आहे. घरात या मताला कुणी हात लावत नाही, कारण लावला की तो बॉनेट उघडून समजावून सांगतो.

गाडी मुळात सासऱ्यांची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि उन्हाळा सरता सरता किल्ली मुलाच्या हातात ठेवली. त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आम्ही चौघं लोहाऱ्याहून सोनारीला, काळभैरवाच्या दर्शनाला निघालो. सासूबाईंचा नवस होता. कशाचा, ते त्यांनी सांगितलं नाही. पण न सांगताना त्या माझ्याकडं बघत होत्या, त्यामुळं मला थोडी शंका होती.

आदल्या दिवशी सासूबाई घोंगडी गुंडाळून पिशवीशेजारी ठेवत होत्या. नवऱ्यानं ती उचलून परत कपाटात टाकली.

"आई, गाडीला हिटर आहे. घोंगडी घेऊन बसलीस तर लोक हसतील."

सासऱ्यांना मात्र लोकांची पर्वा नव्हती. सकाळी ते स्वेटर, त्यावर कोट, कानटोपी आणि वरून शाल अशा थाटात बाहेर आले. मी म्हटलं, "मामा, आपण हिमालयात नाही चाललो."

"आसू दे," एवढंच म्हणून ते मागच्या सीटवर जाऊन बसले.

नुकतं उजाडत होतं. तुरीच्या शेतांवर धुकं होतं आणि बोलताना तोंडातून वाफा निघत होत्या. मागं बसलं की सासूबाईंना मळमळतं, म्हणून त्या पुढं बसल्या. नवऱ्यानं हिटरचं बटण लाल खुणेपर्यंत फिरवलं आणि पंखा सोडला. सासूबाईंच्या पायांवर असं काही गार वारं आलं, की त्यांनी पाय वर ओढून सीटवरच मांडी घातली.

"ह्ये काय रं?"

"इंजिन तापू दे की. हिटर इंजिनाच्या गरम पाण्यावर चालतो. पाच-दहा मिनिटं लागतात."

"तवर म्या जित्ती ऱ्हायले म्हंजी बरं."

नळदुर्ग आलं. इंजिन तापलं नव्हतं, सासूबाई तापल्या होत्या.

एका धाब्यावर चहाला थांबलो. नवऱ्यानं बॉनेट उघडलं. कूलंटची बाटली भरलेली होती, पाइप जागच्या जागी होते, तरी तो बराच वेळ आत डोकं घालून उभा राहिला. शेजारी एक ट्रक ड्रायव्हर बशीतून चहा पीत होता. तो म्हणाला, "पाइपात हवा धरली आसंल. चढाला तोंड वर करून उभी करा, निगून जाईल."

"तेच म्हणत होतो मी," नवरा म्हणाला. तो तसं काहीही म्हणत नव्हता.

तुळजापूरच्या अलीकडं एक बरा चढ बघून त्यानं गाडी नाक वर करून उभी केली. आम्ही तिघं आत, दात काढायला बसल्यासारखे मागं कललेलो. त्यानं रेडिएटरचं झाकण उघडलं आणि इंजिन चालू ठेवलं. इतके किलोमीटर चालून आलेल्या गाडीचं झाकण त्याला उघड्या हातानं काढता आलं, यात काही चमत्कारिक आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. एक मोटारसायकलवाला थांबला. कललेल्या सासूबाईंकडं बघून त्यानं विचारलं, "पेशंट हाय का?"

"आजून न्हाय," सासूबाई म्हणाल्या.

हवा निघाली असावी असं नवऱ्याला वाटलं. पुन्हा निघालो, पुन्हा तेच गार वारं. मला एवढ्या वेळात एक गोष्ट दिसली होती. मी म्हटलं, "अहो, गाडी उभी असली की जरा कोमट येतं. पळायला लागली की परत गार. आणि तो तापमानाचा काटा बघा, तळाशीच आहे."

"काटा बिघडलाय."

म्हणजे आता गाडीत एकाऐवजी दोन बिघाड झाले होते. मी माझी ओढणी सासूबाईंच्या पायांवर घातली. सासरे मागं डोळे मिटून बसले होते. झोपलेला माणूस इतक्या वेळा घसा खाकरत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

परंड्यात एक गॅरेज उघडं सापडलं. नवऱ्यानं मेकॅनिकला गाडीबद्दल सगळं सांगितलं. इतकं सांगितलं, की बिचाऱ्याला स्वतःला काही बघायची गरजच वाटली नाही. "हिटरची जाळी चोक झाली मग," तो म्हणाला. "डॅशबोर्ड आख्खा उतरावा लागंल. गाडी सोडून जावा."

नवऱ्यानं मान डोलावली. मेकॅनिकनं पाना उचलला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"डॅशबोर्डला हात लावू नगा."

सासरे खाली उतरले होते.

"थर्मोस्टॅट न्हाय त्येच्यात."

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातली एक छोटी झडप. इंजिन तापेपर्यंत ती पाणी रेडिएटरकडं जाऊ देत नाही. ती नसली तर पाणी सदानकदा गार होत राहतं, आणि हिटरला गार पाण्याशिवाय काही मिळत नाही.

"कुणी काढला?" नवरा भडकला. "कोण असला शहाणा होता?"

"म्या."

मेकॅनिकनं पाना खाली ठेवला.

"उन्हाळ्यात इंजिन उकळायचं," सासरे म्हणाले. "मिस्त्री म्हणला, काढून टाकू, गाडी थंड ऱ्हाईल. ऱ्हायली की."

"दादा, सकाळपासून का नाही सांगितलं?"

"तू सांगत व्हतास. इचारत न्हवतास."

मला हसू आवरेना, म्हणून मी जुन्या टायरांच्या ढिगामागं गेले. परत आले तर सासूबाई सासऱ्यांसमोर उभ्या होत्या. स्वेटर, कोट, कानटोपी, शाल, एकेक करून सगळं निरखत होत्या.

"म्हंजी तुमाला ठावं व्हतं."

त्यांनी हात पुढं केला. सासऱ्यांनी शाल दिली. हात तसाच राहिला. त्यांनी कानटोपीही दिली. ती सासूबाईंनी पदरावरून घातली, आणि मेकॅनिक नवी झडप बसवत असताना आम्ही माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपनं सोनारीला गेलो. देवळाच्या आवारातली माकडं येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांकडून प्रसाद हिसकावत होती, पण सासूबाईंच्या वाटेला एकही गेलं नाही.

रांगेत सासरे माझ्याजवळ सरकले. "गाडी दिली, किल्ली दिली," ते हळूच म्हणाले. "आता समदं त्योच सांगतो. म्हणलं, येक तरी गोष्ट आसू दे, जी मला ठावं हाय अन् त्येला न्हाय."

मी त्यांच्या हातातली नारळाची पिशवी घेतली.

गॅरेजातून गाडी घेऊन परत निघालो तेव्हा दुपार झाली होती. ऊन चांगलंच चटकत होतं. काटा बरोबर मध्यावर आला होता. सासूबाईंनी स्वतः हात पुढं करून बटण लाल खुणेपर्यंत फिरवलं, आणि भट्टीसारखं वारं सुटलं. बार्शी येईपर्यंत नवऱ्याचा शर्ट पाठीला चिकटला. त्यानं बटणाकडं हात नेला.

"हात काढ," सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

मी हळूच खिडकीची काच खाली केली.

"काच वर."

केली.