भागिरथाची बाज

किन्हीराजा गावात कुणाची बाज झोळीसारखी लोंबली की भागिरथाला बोलावणं यायचं. ती अंबाडीचा वाख घेऊन मांडीवर दोरी वळायची आणि बाज अशी ताणून विणायची की टिचकी मारली तर वाजावी. नवरा पुंजाजी गेल्यावर याच हातांवर तिनं मुलाला, देवमनला शिकवलं. तो मुंबईला संशोधनाला गेला, आणि भागिरथा चुलीशी बोलू लागली.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात देवमन उतरल्या चेहऱ्यानं घरी आला.

"माय, मी आता इथंच राह्यतो. इथं जवळच मालेगावच्या शाळेत मास्तरची जागा हाये. उद्या अर्ज लिहितो."

"काहून रे? तुह्या कामाचं काय झालं?"

त्यानं वहीत चित्र काढलं. अंगातल्या बारीक पेशी, त्यांच्याभोवती धाग्यांचं जाळं. एक पेशी धागे ओढते, ते लांबच्या दुसरीला कळतं, मग तीही ओढते. जखम आवळते ती अशी. सूक्ष्मदर्शकातून हे दिसत होतं. पण कॉम्प्युटरवर गणित मांडलं की ओढ जवळच विरून जाई. दोन वर्षं तो कॉम्प्युटरला गणित भरवायला भोकांच्या कार्डांचे गठ्ठे टोचत होता.

"तुह्या मशिनीले दोरीची काय अक्कल?"

"मशीन मी सांगतो तेच करते, माय. धागा ताणला तर ओढते, दाबला तर तेवढ्याच जोरानं ढकलते, असं सांगतलं मी तिले."

भागिरथाचे हात थांबले. पुढ्यात अर्धी विणलेली बाज होती, देवमनसाठीच हाती घेतलेली. एक दोरी ओढली की काही दोऱ्या ताठ व्हायच्या, काही लुळ्या पडायच्या. लुळी दोरी कुणाला ढकलते? चूक तिला तिथंच दिसली. आणि आपण गप्प राहिलो तर पोरगा घरी राहतो, हेही दिसलं.

ती गप्प राहिली. जेवताना देवमननं आणखी एक भाकर मागितली. तो गेल्यापासूनच्या चार वर्षांत त्या घरात कुणी भाकर मागितली नव्हती.

सकाळी तो अर्ज लिहायला बसला. अर्ध्यावर आला तेव्हा तिनं हाक मारली.

"इकडं ये. हे टोक धर. आता ढकल मले या दोरीनं."

"दोरीनं कसं ढकलू? वाकते ना ते!"

"मंग तुहा धागा काहून ढकलते?"

देवमननं दोरी पुन्हा दाबून पाहिली. "बापा! दाबलेला धागा वाकून जाते... सारा भार ताणलेल्यावरच पडते. म्हणून तर ओढ लांब पोचते, माय!"

"पागल," ती म्हणाली. "एवढं शिकून माह्याच घरी यायचं होतं काय विचारायले?"

दुपारच्या एसटीनं तो गेला. अर्ज पाटावरच राहिला.

पोळ्याच्या आधी देवमनचं पोस्टकार्ड आलं. पोस्टमन रामधननं वाचून दाखवलं, "जयभीम माय. गणित जुळलं. काम वाढलं आहे, अजून तीन वर्षं तरी इथंच."

"पोरगा कधी येते मंग, काकू?"

"कार्डात हाये काय?"

"नाही."

"मंग नाही येत."

रामधन गेल्यावर ती आत आली. देवमनची बाज विणून तयार होती. तिच्यावर कुणी झोपत नव्हतं, तरी नवी दोरी ताण धरून आपोआप सैलावली होती. भागिरथानं बाजेच्या गातावर, कडेच्या लाकडावर पाय रोवला आणि पायथ्याची दोरी ओढून घेतली.